चोवीस मागांच्या पुढे

इचलकरंजीतल्या एखाद्या गल्लीतून सकाळी चालत गेलं, तर एक अख्खी कापड गिरणी कुंपण मोडून गावभर पसरली आहे असं वाटतं. एका गाळ्यात सूतव्यापाऱ्याची पेढी. थोडं पुढे वहिफणी आणि सायझिंग, म्हणजे ताण्याचे धागे बिमावर ओळीने गुंडाळायचे आणि त्यांना खळ लावायची. तिथून भरलेली बिमं टेंपोत चढतात आणि यंत्रमागाच्या शेडवर उतरतात. शेडच्या मालकाचं बिऱ्हाड बहुधा तिथेच, वरच्या मजल्यावर. खाली माग खडखडत असतात, कडेला बायका कांड्या भरत असतात, जॉबर एका बंद पडलेल्या मागाखाली अर्धा शिरलेला असतो आणि दाराजवळच्या टेबलावर दिवाणजी वही उघडून बसलेला असतो. विणलेलं कापड पुढे मेंडिंगला आणि घडीला जातं, मग प्रोसेसिंगला. सूत बाजारात आल्यापासून कापड दुकानात जाईपर्यंत माल सहा-सात मालकांच्या हातून जातो आणि हे सगळे मालक एकमेकांना तोंडओळखीने तरी ओळखतात.

मुंबईच्या गिरणगावात हीच कामं एका भोंग्यावर चालत. कापसाच्या गाठी एका दारातून आत जात आणि छापलेलं कापड दुसऱ्या दारातून बाहेर पडे. कताई, साचाखातं, रंगाई, छपाई ही सगळी खाती एकाच मालकाची, त्यामुळे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात माल जाताना कोणी कोणाला बिल देत नसे. इचलकरंजीत प्रत्येक उंबरठ्यावर बिल आहे, उधारी आहे, भावाची घासाघीस आहे.

पुस्तकी हिशेबाने यात गिरणी जिंकायला हवी होती. तिच्याकडे भांडवल होतं, इंजिनिअर होते, स्वतःची दुकानं होती, जाहिरातीला पैसा होता. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली सुरू केला, तेव्हा मुंबईच्या गिरण्या ऐन भरात होत्या. आज गिरणगावात मॉल आणि मनोरे उभे आहेत आणि देशात विणल्या जाणाऱ्या कापडापैकी निम्म्याहून अधिक कापड यंत्रमागावर निघतं.

याची कारणं सांगताना बहुतेक जण १८ जानेवारी १९८२ या तारखेपाशी येऊन थांबतात. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्या दिवशी संपावर गेले. पण कापड मुंबईतून बाहेर पडायला त्याआधी कितीतरी वर्षं सुरुवात झाली होती. १९५६च्या वस्त्रधोरणाने गिरण्यांना माग वाढवायला जवळजवळ बंदी केली. सरकारला हातमाग वाचवायचा होता, प्रत्यक्षात मोकळी जागा यंत्रमागाने पटकावली. पुढे खुद्द गिरणीवालेच भिवंडीहून कापड विणून घेऊ लागले. आपल्या साचाखात्यात विणण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं.

स्वस्त का पडत होतं, हा खरा प्रश्न. त्याला एक उत्तर रोनाल्ड कोझ या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाच्या १९३७च्या निबंधात सापडतं. तेव्हा तो पंचविशीच्या आसपासचा होता; नोबेल मिळायला १९९१ साल उजाडलं. त्याने विचारलेला प्रश्न लहान मुलाने विचारावा इतका साधा होता: बाजारात सगळंच विकत मिळतं, तर कंपन्या मुळात असतात कशाला? कापड विकणाऱ्याने सूत विकत घ्यावं, विणकराला मजुरी द्यावी, रंगाऱ्याला रंगाईचे पैसे द्यावेत. हजारो माणसं एका छपराखाली पगारावर ठेवायची काय गरज? त्याचं उत्तर असं की बाजारातून काम करून घेण्यालाही खर्च येतो. योग्य माणूस शोधावा लागतो, भाव ठरवावा लागतो, माल तपासावा लागतो, शब्द फिरवला तर भांडावं लागतं. हा खर्च फार झाला की माणसं ते काम आपल्या छपराखाली आणतात. उलट छपराखालची माणसं सांभाळण्याचा, त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचा खर्च वाढला की काम पुन्हा बाहेर जातं. कंपनीची हद्द या दोन खर्चांच्या मध्ये कुठेतरी आखली जाते.

इचलकरंजीत बाजारातून काम करून घेण्याचा खर्च कमी आहे, कारण सायझिंगवाला दोन गल्ल्या सोडून बसतो, त्याच्या कामाचा दर्जा गावाला माहीत असतो आणि त्याने एकाला फसवलं तर संध्याकाळपर्यंत चहाच्या गाड्यावर ते सगळ्यांना कळतं. आल्फ्रेड मार्शलने १८९०मध्येच इंग्लंडमधली अशी गावं पाहून लिहिलं होतं की एकाच धंद्यातले लहान लोक एका जागी जमले, की मोठ्या कारखान्याचे बरेचसे फायदे त्यांना कारखाना न काढताच मिळतात. भिवंडी, मालेगाव, सोलापूर, कोल्हापूरच्या फाउंड्र्या ही आपल्याकडची उदाहरणं.

इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. कोझ आणि मार्शल यांच्या उत्तरांनी हिशेब अर्धाच पुरा होतो. यंत्रमागाचं कापड स्वस्त पडण्यामागे बारा-बारा तासांच्या पाळ्या आहेत, मीटरवर किंवा पिकावर, म्हणजे आडव्या धाग्याच्या फेऱ्यांवर, मिळणारी मजुरी आहे, भविष्यनिर्वाह निधीच्या यादीत नाव नसलेला कामगार आहे. गिरणी कामगाराने झगडून जे मिळवलं होतं, त्यातलं बरंचसं यंत्रमागाच्या शेडमध्ये कधी आलंच नाही. लहान धंद्याच्या लवचिकपणाचं कौतुक करणारे लेख वाचताना ती लवचिकता कोणाच्या पाठीवर उभी आहे, हेही बघावं.

आता लहान म्हणजे किती लहान, हे सरकारच्या शब्दांत पाहून घेऊ आणि लगेच बाजूला ठेवू. १ एप्रिल २०२५पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि वर्षाला दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म. पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंत लघु. सव्वाशे कोटी आणि पाचशे कोटींपर्यंत मध्यम. म्हणजे रस्त्यावरचा पंक्चरवाला आणि वर्षाला नऊ कोटींचं कापड विकणारा, दोघेही सूक्ष्मच. व्याख्येपेक्षा बोलका आहे तो २०१५-१६च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचा आकडा. तेव्हाच्या, आजच्यापेक्षा कितीतरी खालच्या मर्यादा धरून देशात सुमारे ६ कोटी ३४ लाख असे उद्योग निघाले. त्यातले ६ कोटी ३० लाख सूक्ष्म, ३ लाख ३१ हजार लघु आणि मध्यम अवघे ५ हजार. तळाशी अफाट गर्दी आणि मधला जिना जवळजवळ रिकामा.

चँग-ताय श्ये आणि पीटर क्लेनाऊ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच गोष्ट वयाच्या अंगाने तपासली. अमेरिकेत चाळीस वर्षं टिकलेल्या कारखान्यात नव्याने निघालेल्या कारखान्याच्या सातपटीहून जास्त माणसं कामाला असतात. मेक्सिकोत आणि भारतात साधारण दुप्पट.  म्हणजे आपल्याकडे धंदे म्हातारे होतात, पण तितके मोठे होत नाहीत.

का होत नाहीत? बँक कर्ज देत नाही म्हणून, कामगार कायदे जाचक म्हणून, अशी तयार उत्तरं आहेत. कामगार कायद्यांबद्दल एवढंच सांगतो की शंभरावर कामगार असले तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागे, या तरतुदीवर अर्थशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले. पण आठ कामगारांचा धंदा सोळांचा का होत नाही, याचं उत्तर शंभराच्या अटीत सापडणार नाही. ते शोधायला दिवाणजीच्या वहीत डोकवावं लागतं.

समजा, एक यंत्रमागधारक स्वतः सूत घेऊन कापड विणतो आणि महिन्याला दहा लाखांचं कापड विकतो. आकडे सोयीसाठी गोल धरू. सूत, सायझिंग, मजुरी, वीज, दलाली मिळून खर्च साडेनऊ लाख. सुटतात पन्नास हजार. सुताचे पैसे त्याला रोख किंवा फार तर आठ-पंधरा दिवसांत मोजावे लागतात, मजुरी आठवड्याला, वीजबिल महिन्याला. कापडाचं पेमेंट मात्र येतं नव्वद दिवसांनी. म्हणजे कोणत्याही दिवशी पाहिलं, तर त्याचे तीन महिन्यांचे साडेनऊ-साडेनऊ, एकूण साडेअठ्ठावीस लाख रुपये बाजारात अडकलेले असतात. धंदा नफ्यात आहे आणि गल्ल्यात रोकड नाही.

आता त्याला दुप्पट ऑर्डर येते. घरात पेढे वाटावेत अशी बातमी. पण दुप्पट माल म्हणजे दुप्पट उधारी: आणखी साडेअठ्ठावीस लाख हवेत आणि ते पहिलं वाढीव पेमेंट येण्याआधी हवेत. जुन्या नफ्यातून ते साठवायचे म्हटले तर पावणेपाच वर्षं लागतील. बँकेकडून बारा टक्क्यांनी घेतले, तर वर्षाला तीन लाख बेचाळीस हजार व्याज. वाढीव नफा वर्षाला सहा लाख. निम्म्याहून अधिक नफा व्याजात गेला आणि नव्या मागांचा हप्ता अजून धरलेलाच नाही. मधे एखादी पार्टी बुडाली, किंवा सुताचा भाव एका महिन्यात चढला, की उरलेला नफाही गेला. लहान धंदे तोट्याने बुडतात त्याहून जास्त वेळा ते अशा वाढीत गुदमरतात. हिशेबनीस मंडळी याला खेळत्या भांडवलाची चणचण म्हणतात. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर पैसे देण्याची वेळ आधी येते आणि मिळण्याची नंतर, आणि जितकं वाढाल तितकं हे मधलं अंतर महाग होत जातं.

मोठ्या कंपनीचं घड्याळ उलट चालू शकतं. साबण-तेल विकणाऱ्या बड्या कंपन्यांना विक्रेत्यांकडून पैसे लवकर येतात आणि पुरवठादारांना त्या सावकाश देतात. हिंदुस्तान युनिलिव्हरसारख्या कंपनीचं खेळतं भांडवल त्यामुळेच शून्याखाली असतं; म्हणजे तिचा रोजचा व्यवहार बऱ्याच अंशी इतरांच्या पैशांवर चालतो. वाढ झाली की तिच्या हातात रोकड वाढते. आमच्या यंत्रमागधारकाची वाढ झाली की त्याची रोकड आटते. दोघांच्या ताळेबंदावर नफा हा एकच शब्द छापलेला असतो, एवढंच साम्य.

या कोंडीतून इचलकरंजीने स्वतःचा एक मार्ग काढला आहे: खर्चीवर माग चालवणं. खर्चीवाला सूत घेत नाही, कापड विकत नाही. व्यापारी भरलेलं बीम आणि बाण्याचं सूत देतो, खर्चीवाला विणून देतो आणि पिकामागे ठरलेल्या पैशांनी मजुरी घेतो. सुताची तेजी-मंदी व्यापाऱ्याच्या डोक्यावर, उधारी व्यापाऱ्याच्या डोक्यावर. खर्चीवाल्याने फक्त माग चालते ठेवायचे. बाहेरचा माणूस याला महत्त्वाकांक्षेचा अभाव म्हणेल. मला तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो. खर्चीतून बाहेर पडून स्वतःचं सूत घेऊ लागलेला माणूस त्या दिवसापासून विणकाम कमी आणि सुताचा सट्टा जास्त करतो. ज्या कामात तो तरबेज होता ते मागे पडतं आणि ज्यात नवखा आहे त्यावर घर तारण राहतं. घर म्हणजे खरोखरच वरच्या मजल्यावरचं घर. कागदावर धंदा प्रायव्हेट लिमिटेड असला तरी बँक मालकाची वैयक्तिक हमी मागते, त्यामुळे मर्यादित जबाबदारी हे कंपनी कायद्यातलं सुख त्याच्या वाट्याला येत नाही. तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून २०००पासून सरकारी पतहमी न्यास आहे. तरी लहान गावातला शाखाधिकारी सातबारा किंवा घराचा उतारा आधी पाहतो.

उधारीवर कायदा नाही असं नाही. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे मोठ्या खरेदीदाराने लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत दिले पाहिजेत. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होत जाणारं व्याज. वाचायला झकास. तक्रार करायला ऑक्टोबर २०१७मध्ये ‘समाधान’ नावाचं पोर्टलही निघालं. पण ज्याच्या ऑर्डरवर निम्मे माग चालतात, त्याच्यावर तक्रार कोण करणार? एकदा व्याज मिळेल, ऑर्डर पुन्हा मिळणार नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणून लोक फोन करत राहतात: ‘शेठ, तेवढं बघा जरा.’

सरकारला हे कळलेलं दिसतं, कारण २०२३च्या अर्थसंकल्पाने तक्रारीची वाट न पाहता प्राप्तिकराचा चिमटा लावला. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. २०२४च्या मार्चअखेर ही तरतूद पहिल्यांदा चावली आणि कापड बाजारात धावपळ उडाली. काहींना वर्षानुवर्षांचे पैसे चटकन मिळाले. पण माल परत पाठवल्याच्या आणि खरेदीदार दुरावेल या धास्तीने लहान उत्पादक सूक्ष्म-लघु उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणीच नको म्हणत असल्याच्याही बातम्या तेव्हा आल्या. संरक्षण देणाऱ्या यादीतून संरक्षितानेच नाव काढून घ्यायला निघावं, यावरून बाजारातलं बळ कोणत्या बाजूला आहे ते दिसतं. याहून शांत उपाय म्हणजे बिलं लिलावात घालून लगेच पैसे उचलण्याची ट्रेड्स ही व्यवस्था, २०१७पासून सुरू असलेली. पण त्यातही खरेदीदाराने बिल मान्य केल्यावरच पुढची गाडी हलते.

पैशाची अडचण सुटली असं धरू. तरी दुसरी एक भिंत उभी राहते आणि तिच्याबद्दल उद्योजकांच्या मेळाव्यांत फारसं बोललं जात नाही.

२००८च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेच्या अर्थशास्त्रज्ञांनी मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि उंबरगावच्या पट्ट्यातल्या १७ कापड कंपन्यांचे २८ कारखाने निवडले. या कंपन्या अगदी लहान नव्हत्या, एका कंपनीत सरासरी पावणेतीनशे माणसं कामाला. पण सगळ्या घरगुती मालकीच्या. काही कारखान्यांना एका नामांकित सल्लागार कंपनीची माणसं पाच महिने फुकट दिली, बाकीच्यांना फक्त महिनाभर तपासणी करून सोडून दिलं. सल्लागारांनी जे शिकवलं त्यात चमत्कार काही नव्हता. सुताच्या साठ्याला नावं आणि तारखा लावा. मोडल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा यंत्राची वेळापत्रकाने निगा राखा. कापडातल्या खोटी रोज लिहा आणि रोज सकाळी त्यावर पाच मिनिटं बोला. जमिनीवर पडलेली अवजारं उचला. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

मग हे त्यांनी आधी का केलं नव्हतं? बऱ्याच मालकांना आपण काही चुकतोय असं वाटतच नव्हतं. शेजारचा कारखानाही तसाच होता. त्याहून महत्त्वाचं निरीक्षण असं की या कंपन्यांचा आकार कारभाराच्या दर्जावरून ठरत नव्हता. तो सगळ्यात जास्त जुळत होता मालकाच्या घरातल्या कर्त्या पुरुषांच्या संख्येशी. तीन भाऊ असतील तर तीन कारखाने. एकुलता एक असेल तर एकच, मग तो कितीही उत्तम चालो. बाहेरच्या व्यवस्थापकाला खरेदीची सही, मालाची किल्ली आणि पार्टीचा फोन नंबर द्यायला मालक धजत नव्हते. त्याने सूत बाहेर विकलं तर? खटला भरला तरी निकाल कधी लागणार? अशा ठिकाणी भावावर विश्वास टाकणं हा अडाणीपणा नसून सगळ्यात स्वस्त विमा असतो.

या निरीक्षणातला ‘पुरुष’ हा शब्द मला खुपतो. खाली कांड्या भरणाऱ्या बायका आहेत, अनेक घरांत दिवाणजीच्या वहीवर रात्री नजर टाकणारी सून किंवा मुलगी आहे, बी. कॉम. झालेली आहे, पण दुसरी शेड कोणाच्या हाती द्यायची हा विषय निघाला की तिची मोजदाद होत नाही. विश्वासू माणूस मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या घरात अर्धी विश्वासू माणसं स्वयंपाकघराच्या बाजूला बसलेली असतात.

एडिथ पेनरोज यांनी १९५९च्या आपल्या पुस्तकात याचीच मोठ्या कंपनीतली बाजू मांडली होती. कंपनी किती वेगाने वाढू शकते हे शेवटी तिच्यातल्या अनुभवी व्यवस्थापकांवर ठरतं, आणि असे व्यवस्थापक बाजारातून आणून लगेच कामाला जुंपता येत नाहीत. एकत्र काम करता करताच ते तयार होतात. मोठ्या कंपनीकडे अशा माणसांची फळी आधीपासून असते. एक गेला तर दुसरा त्याच्या खुर्चीत बसतो, कारण काम कसं करायचं ते कागदावर उतरलेलं असतं. लहान धंद्यात ते मालकाच्या डोक्यात असतं: कोणत्या पार्टीचं पेमेंट कधी येतं, कोणता माग पावसाळ्यात कुरकुरतो, कोणत्या जॉबरला उचल दिली की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. हेच त्याचं बळ, कारण त्याला कोणालाही विचारावं न लागता फोनवर दोन मिनिटांत निर्णय घेता येतो. दुसऱ्या शेडमध्ये मात्र हे डोकं पाठवता येत नाही. तारापूरच्या प्रयोगाचा पाठपुरावा आठ-नऊ वर्षांनी झाला, तेव्हा शिकवलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटून गेलेल्या आढळल्या. व्यवस्थापक बदलले आणि मालकांना वेळ उरला नाही, ही मुख्य कारणं.

ही भिंत चढण्यापेक्षा तिला वळसा घालून मोठं झाल्याचं एक उदाहरण मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जतमध्ये आज सुमारे पंचेचाळीस हजार बहिणी आहेत. एवढ्या बायकांवर देखरेख ठेवायला पर्यवेक्षकांची फौज लागली असती, पण कामाची विभागणीच अशी केली की ती लागू नये. पीठ मळणं ही चव ठरवणारी पायरी केंद्रात, मोजून-मापून, एकाच ठिकाणच्या मालातून. लाटणं मात्र प्रत्येकीच्या घरी. सकाळी पीठ न्यायचं, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणायचे, तपासून वजन करून घ्यायचे, मजुरी तिथल्या तिथे. घरी ती कधी लाटते, कोण मदत करतं, याच्याशी संस्थेला देणंघेणं नाही. पापड बरोबर आहे की नाही ते तपासणीच्या टेबलावर कळतंच. शिवाय प्रत्येक बहीण मालकीण, त्यामुळे वर्षअखेरचा नफाही तिच्या वाट्याला येतो. यात उधारीही फिरत नाही, विश्वासाचा प्रश्नही रोजच्या रोज निकालात निघतो. प्रत्येक धंद्याला हा साचा बसणार नाही. कापडाचा दोष रंगाईनंतर दिसतो आणि तोवर विणणारा कोण होता हे शोधणं अवघड होऊन बसतं. पापडाचा दोष लगेच दिसतो. पण वाढ म्हणजे मोठी शेड, हे समीकरण लिज्जतने मोडलं एवढं नक्की.

आपल्या यंत्रमागधारकाकडे परत येऊ. त्याला वाढायचंच असेल, तर आज एक रस्ता साधे माग काढून शटललेस, म्हणजे धोट्याविना चालणारे माग घेण्याचा आहे. साधा माग मिनिटाला शंभर-सव्वाशे पिकं टाकतो, शटललेसमधला एअरजेट सहाशेच्या वर. यासाठी १९९९पासून केंद्राची तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना होती, तिच्या व्याज सवलतीवर इचलकरंजीत बरीच नवी यंत्रं आली. पण एअरजेटचं एक यंत्र कित्येक लाखांचं. त्याला चोवीस तास काम हवं, चांगलं सूत हवं, दाबाखालची हवा हवी, स्थिर वीज हवी. खर्चीच्या तुटपुंज्या मजुरीत ते बसत नाही. मंदीत साधा माग कापड टाकून झाकून ठेवता येतो, हप्ता चालू असलेलं यंत्र झाकता येत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे साध्या मागांचीच संख्या वाढवणं. तिथे वीजबिल आडवं येतं. महाराष्ट्रात यंत्रमागांना विजेच्या दरात सवलत आहे आणि तिची एक महत्त्वाची रेघ २७ अश्वशक्तीच्या जोडभारावर आखलेली आहे. त्याच्या आतल्यांना दर जास्त सवलतीचा. एका साध्या मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटार धरली, तर चोवीस माग, कांडी मशीन आणि दिवे-पंखे एवढ्यात ती रेघ येते. सवलतीचा हेतू लहान माणसाला हात देण्याचा आहे आणि तो देतेही. पण ती रेघ ओलांडणारा पंचविसावा-सव्विसावा माग केवळ स्वतःची नाही, आधीच्या सगळ्या मागांची वीज महाग करतो. मग पुढचे माग भावाच्या नावाने, वेगळ्या मीटरवर बसवणं हेच शहाणपणाचं ठरतं. अशा रेघा आपल्याकडे जागोजागी आहेत. १९६७पासून तर काही वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या अशी यादीच होती. एका काळी तिच्यात आठशेवर वस्तू होत्या. लोणची, पाव, उदबत्ती, काचेच्या बांगड्या, स्टीलची कपाटं असे शेवटचे वीस प्रकार एप्रिल २०१५मध्ये वगळले गेले. त्या यादीतली वस्तू बनवणाऱ्याने मर्यादेबाहेर वाढायचं ठरवलं, तर तो स्वतःच्याच धंद्यातून बाद व्हायचा.

इतकं करूनही काही जण वाढतात. वडिलांनी चार मागांपासून सुरुवात केली, खर्ची सोडून स्वतःचं सूत घेतलं, दोन मुलगे हाताशी आले, दोन शेडमध्ये मिळून अठ्ठेचाळीस माग झाले. पुढे मुलांची लग्नं झाली, नातवंडं मोठी झाली, वडील थकले आणि वाटणीचा विषय निघाला. शेड आणि माग वाटता येतात. सुताच्या व्यापाऱ्याकडची पत, दलालाचा विश्वास, जुन्या पार्टीशी असलेली वडिलांची ओळख वाटता येत नाही. ती ज्याचा स्वभाव बोलका त्याच्याकडे जाते, दुसरा भाऊ काही महिन्यांत खर्चीवर येतो. माग दोघांना चोवीस-चोवीस मिळतात आणि वीजसवलतीच्या अर्जावर दोघांचाही जोडभार पुन्हा २७ अश्वशक्तीच्या आत भरतो.